जर्मन उमराव घराण्याचं मूळ आणि कुलचिन्ह कसं तपासावं : बिस्मार्क घराण्याच्या आधाराने

ओटो फॉन बिस्मार्क शाळेच्या इतिहासात सगळ्यांना भेटतो. १८७१ मध्ये जर्मनी एक करणारा चान्सेलर म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच्या घराण्याची पहिली लेखी नोंद मात्र १२७० ची आहे आणि ती रणांगणावरची नाही. आल्टमार्क प्रांतातल्या श्टेन्डाल शहरात, कापड विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघाचा प्रमुख म्हणून हेरबोर्ड फॉन बिस्मार्क या माणसाचं नाव येतं. पुढे घराणं मोठं झालं आणि मग त्याला स्लाव वंशाचं, बोहेमियातलं मूळ चिकटवणाऱ्या कथा निघाल्या. एकोणिसाव्या शतकात आडोल्फ फ्रीडरिश रीडेल या अभिलेखतज्ज्ञाने जुने दस्त वाचले आणि घराण्याचा मागोवा पुन्हा श्टेन्डालच्या बाजारात आणून सोडला.

एखाद्या जर्मन उमराव घराण्याचं मूळ आणि कुलचिन्ह स्वतः तपासायचं असेल तर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, ते या लेखात आहे. जर्मन शिकणारे विद्यार्थी, अनुवादक, इतिहासाचे अभ्यासक, जर्मनीत राहणारे आणि तिथल्या चर्चच्या भिंतीवर कुलचिन्हांच्या ढाली पाहून थबकणारे मराठी लोक, या सगळ्यांना तो उपयोगी पडावा. उदाहरण मुख्यतः बिस्मार्क घराण्याचं घेतलं आहे, कारण त्याचे कागद भरपूर आहेत. शिवाय मूळ साधं असताना नंतर कथा कशा जोडल्या जातात, हे त्यात स्वच्छ दिसतं.

सुरुवातीला दोन भेद

जर्मन उमराव घराणी ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिल्या प्रकाराला ‘उराडेल’ म्हणतात. साधारण १४०० च्या आधीपासून ज्यांचं सरदारी स्थान कागदावर दिसतं, ती ही घराणी. त्यांना कोणी उमराव ‘केलं’ अशी सनद सापडणार नाही आणि ती शोधण्यात वेळ घालवू नये. दुसरा प्रकार ‘ब्रीफआडेल’, म्हणजे सनदी उमराव. सम्राटाने किंवा राजाने पत्र देऊन त्यांना वर आणलं. माहीत असलेल्या सनदांपैकी सर्वांत जुनी १३६० ची आहे. सम्राट चौथ्या कार्लने ती माइन्त्सच्या विकर फ्रॉश या धर्मगुरूला दिली.

तुमचं घराणं कोणत्या प्रकारात बसतं त्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. सनदी असेल तर सनद शोधा. तिच्यात तारीख असते, कारण असतं आणि बहुधा कुलचिन्हाचं रंगीत चित्र व वर्णनही असतं. जुनं असेल तर दस्त, साक्षीदारांच्या याद्या आणि लाखेच्या मोहरा धुंडाळाव्या लागतात. ते जास्त कष्टाचं आहे. मला विचाराल तर जास्त आनंदाचंही आहे.

नावातल्या ‘फॉन’वर विसंबू नका. उत्तर जर्मनीत ‘फॉन’ लावणारी शेतकरी आणि नागरी कुटुंबं आहेत. तिथे त्याचा अर्थ ‘अमुक गावचा’ एवढाच. उलट क्निगे, ग्रोटे, रीडेसेल अशी जुनी सरदार घराणी ‘फॉन’शिवाय नांदली.

पायरी १ : आजपासून मागे चला

पहिला पूर्वज शोधायचा आणि मग खाली उतरायचं, हा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. वरून खाली येताना एकाच नावाच्या दोन माणसांपैकी आपल्याला हवा तो निवडला जातो आणि वंशावळ सुंदर पण खोटी होते. खालून वर जाताना प्रत्येक दुव्याला कागद मागता येतो.

बिस्मार्कपासून सुरुवात करू. ओटोचा जन्म १ एप्रिल १८१५, शोनहाउझेन इथे. वडील फर्डिनांड, १७७१ ते १८४५. आजोबा कार्ल आलेक्झांडर, १७२७ ते १७९७. पणजोबा आउगुस्ट फ्रीडरिश, जन्म १६९५. १७४२ मध्ये खोटुझित्सच्या लढाईत तो प्रशियाच्या सैन्यात लढताना पडला. आई विल्हेल्मिना मेंकेन ही उमराव घराण्यातली नव्हती. ती विद्वान आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या नागरी कुटुंबातली. तिची बाजूही वहीत लिहा, कारण पुढे ढालींच्या मांडणीत आईकडचं घराणं लागतं.

प्रत्येक पिढीसाठी तीन गोष्टी लागतात : जन्म किंवा बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. प्रशियात नागरी नोंदणी ऑक्टोबर १८७४ पासून सुरू झाली आणि संपूर्ण साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून. या नोंदी खुल्या व्हायला जन्माच्या बाबतीत ११० वर्षं, विवाहाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षं जावी लागतात. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या आहेत. प्रॉटेस्टंट वह्या ‘आर्खिओन’ या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात, कॅथलिक वह्यांपैकी पुष्कळ ‘मात्रिकुला’वर मोफत. उत्तर आणि पूर्व जर्मनीत अनेक गावांच्या वह्या तीस वर्षांच्या युद्धानंतरच, म्हणजे १६४८ नंतर, सलग मिळतात. त्याआधीच्या युद्धात चर्च जळली, वह्याही जळल्या.

मग १३५० ते १६५० हा मधला पट्टा कसा ओलांडायचा? दोन साधनं फार कामाची आहेत. एक, छापील अंत्यप्रवचनं. सोळाव्या ते अठराव्या शतकात प्रॉटेस्टंट उमरावांच्या अंत्यविधीतलं प्रवचन छापून वाटण्याची चाल होती आणि त्यात मृताचं चरित्र, आईवडील, आजोबा-पणजोबा सविस्तर दिलेले असत. मारबुर्ग इथे या प्रवचनांवर काम करणारं संशोधन केंद्र आहे आणि त्यांची सूची इंटरनेटवर पाहता येते. दुसरं साधन म्हणजे जहागिरीची पत्रं. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

पायरी २ : छापील ग्रंथ वापरा, पण त्यांना शेवटचा शब्द मानू नका

गोथा शहरातून १७६३ पासून उमराव घराण्यांचं पंचांगवजा पुस्तक निघत असे. पुढे त्याच्या राजघराणी, ग्राफ (काउंट), बारोन आणि साधे उमराव अशा वेगवेगळ्या मालिका झाल्या. बोलताना सगळे त्यांना नुसतं ‘गोथा’च म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ती मालिका थांबली. १९५१ पासून तिची जागा ‘गेनेआलॉगिशेस हांडबूख डेस आडेल्स’ने घेतली आणि २०१५ पासून मारबुर्गचं जर्मन उमराव अभिलेखागार नवी मालिका काढतं. घराण्याच्या नोंदीच्या डोक्यावर मूळ ठिकाण, पहिल्या नोंदीचं वर्ष, सलग वंशावळ कुठून सुरू होते आणि कुलचिन्हाचं वर्णन एवढं थोडक्यात असतं.

त्या चार ओळी नीट वाचा. ‘पहिली नोंद’ आणि ‘सलग वंशावळीची सुरुवात’ यांत कधी कधी शंभर वर्षांचं अंतर असतं. मधल्या काळात त्याच नावाची माणसं आहेत, पण कोण कोणाचा मुलगा हे कागद सांगत नाही. बरीच चुकीची वंशवृक्षं नेमकी याच फटीत उगवतात.

कुलचिन्हांसाठी ‘झीबमाखर’. न्युर्नबर्गच्या योहान झीबमाखरने १६०५ मध्ये तीन हजारांहून जास्त ढालींचं पुस्तक काढलं. १८५४ पासून त्याची प्रचंड नवी आवृत्ती भागाभागाने निघाली. जुनं पुस्तक आणि नवी आवृत्ती, दोन्ही ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवल्या आहेत. नव्या आवृत्तीत चिन्हासोबत मजकूर आहे, पण तो घराण्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवरही उभा आहे. तेव्हा ग्रंथ म्हणजे कुठे शोधायचं याचा पत्ता समजा आणि शोध दप्तरात जाऊन घ्या.

पायरी ३ : दप्तर कुठे आहे ते ठरवा

जर्मनी १८७१ पर्यंत एक राज्य नव्हतं, म्हणून उमरावांचं एकच दप्तर असणार नाही. पवित्र रोमन सम्राटाने दिलेल्या सनदांचे कागद व्हिएन्नात, ऑस्ट्रियाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. प्रशियात १८५५ ते १९२० या काळात ‘हेरोल्ड्सआम्ट’ नावाचं कार्यालय उमरावकी आणि कुलचिन्हं तपासत असे. त्याच्या फायली बर्लिनच्या डालेम भागातल्या गुप्त राज्य अभिलेखागारात मिळतात. (नावात ‘गुप्त’ असलं तरी ते सर्वांना खुलं आहे.) बव्हेरियाची उमराव नोंदवही म्युनिकच्या मुख्य राज्य अभिलेखागारात.

याखेरीज घराण्याच्या इस्टेटीचं दप्तर असतं. १९४५ मध्ये सोव्हिएत ताब्यातल्या भागात शंभर हेक्टरांवरच्या सगळ्या जमिनी काढून घेतल्या गेल्या आणि वाड्यांमधले कागद, जे वाचले ते, सरकारी अभिलेखागारांत गेले. झाक्सन-आनहाल्टमधल्या इस्टेटींच्या दप्तरांसाठी वेर्निगेरोडेची शाखा पाहावी. बिस्मार्क घराण्याच्या राजपुत्र शाखेचे कागद हँबुर्गजवळच्या फ्रीडरिशरूमध्ये आहेत आणि तिथल्या ओटो फॉन बिस्मार्क प्रतिष्ठानाकडे त्यांची चौकशी करता येते. पोमेरेनियातल्या इस्टेटींचे कागद आता पोलंडच्या राज्य अभिलेखागारांत असतात आणि त्यांच्या संकेतस्थळावर जर्मन काळातल्या वह्यांचे पुष्कळ स्कॅन आहेत.

प्रशियन सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी शोधायला निघाला असाल, तर एक कटू गोष्ट आधी सांगतो. पोट्सडामचं लष्करी अभिलेखागार एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. त्यामुळे छापील सैन्ययाद्यांवरच भागवावं लागतं.

‘आर्खीव्हपोर्टाल-डी’ या संकेतस्थळावर देशभरातल्या अभिलेखागारांच्या सूच्या एकत्र शोधता येतात. शोधताना नावाची सगळी जुनी रूपं टाका : बिस्मार्क, बिस्मार्क ‘के’आधीचा ‘सी’ वगळून, बिसमार्क ‘झेड’ने, बिस्कोपेसमार्क. आज आल्टमार्कमधलं गाव आपलं नाव ‘सी’शिवाय लिहितं, घराणं ‘सी’सकट.

पायरी ४ : लिपी आणि तारीख

सोळाव्या शतकापासूनचे हस्तलिखित जर्मन कागद ‘कुरेंट’ लिपीत आहेत. मोडी शिकलेल्या माणसाला हा अनुभव ओळखीचा वाटेल : अक्षरं माहीत झाली तरी लिहिणाऱ्याचा हात ओळखीचा होईपर्यंत पान उलगडत नाही. चर्चच्या वहीपासून सुरुवात करा. तिथे शब्द ठरलेले असतात, त्यामुळे डोळा लवकर तयार होतो. जहागिरीची पत्रं त्यानंतर घ्या. तेराव्या-चौदाव्या शतकातले दस्त बहुतेक लॅटिनमध्ये, चौदाव्यापासून हळूहळू जर्मनमध्ये.

तारखा सणांवरून दिलेल्या असतात. ‘सेंट व्हिटसच्या दिवशी’ म्हणजे १५ जून, ‘मार्टिनी’ म्हणजे ११ नोव्हेंबर, ‘मिखाएलिस’ म्हणजे २९ सप्टेंबर. ‘ईस्टरनंतरच्या तिसऱ्या रविवारी’ असं लिहिलं असेल तर त्या वर्षीचा ईस्टर काढावा लागतो. त्यासाठी ग्रोटेफेंडचे तक्ते आहेत. शिवाय नवं कॅलेंडर कॅथलिक प्रदेशांनी १५८० च्या दशकात स्वीकारलं, तर बहुतेक प्रॉटेस्टंट प्रदेशांनी १७०० मध्ये, १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च करून. त्या काळात दोन शेजारच्या गावांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक दिसला तर गोंधळू नका. वहीत मूळ तारीख जशीच्या तशी लिहा आणि तुमचं रूपांतर शेजारी वेगळं लिहा.

पायरी ५ : पहिल्या नोंदीतला माणूस कोण होता?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका.

तेराव्या शतकातल्या दस्तात ‘अमुक दे बिस्मार्क’ असं नाव आलं, तर त्यातून एवढंच निघतं की माणसाचा बिस्मार्क गावाशी संबंध होता. तो तिथला सरदार असेल, तिथून शहरात आलेला व्यापारी असेल किंवा तिथला धर्मगुरूही असेल. एकाच काळात ‘दे बिस्मार्क’ म्हणवणारे दोघे नात्यातले असतीलच असं नाही. म्हणून नावापेक्षा नावासोबतचा शब्द बघा. ‘मिलेस’ म्हणजे नाइट, शस्त्रदीक्षा झालेला सरदार. ‘फामुलुस’ किंवा ‘आर्मिगेर’ म्हणजे सरदारी वर्गातलाच, पण दीक्षा न झालेला. ‘सिव्हिस’ म्हणजे नागरिक, ‘कॉन्सुल’ म्हणजे नगरपरिषदेचा सभासद.

शब्द नसेल तर साक्षीदारांच्या यादीतली जागा बघा. मध्ययुगीन लेखनिक हा क्रम सहसा मोडत नसत : आधी धर्मगुरू, मग नाइट, मग फामुलुस, शेवटी नगरवासी. तुमचा माणूस कोणाच्या मागे आणि कोणाच्या पुढे उभा आहे यावरून त्याची पत कळते. एका यादीवरून निष्कर्ष काढू नका. त्याच माणसाच्या जितक्या याद्या मिळतील तितक्या काढा. ब्रांडेनबुर्गच्या दस्तांसाठी रीडेलने १८३८ पासून तीस वर्षं खपून जो मोठा दस्तसंग्रह छापला, तो आज पूर्ण स्कॅन झालेला आहे आणि त्याच्या नावसूचीतून हे काम घरबसल्या करता येतं.

हेरबोर्ड फॉन बिस्मार्क या कसोटीवर कुठे बसतो? तो ‘गेवांडश्नायडर’ संघाचा प्रमुख होता. नाव शिंप्यासारखं वाटलं तरी हे लोक कपडे शिवत नसत. दुरून, विशेषतः फ्लँडर्सहून येणारं उंची कापड कापून विकण्याचा हक्क त्यांच्याकडे होता. श्टेन्डालसारख्या व्यापारी शहरात हा सर्वांत श्रीमंत संघ आणि नगरपरिषद त्यांच्याच हातात. म्हणजे बिस्मार्कांची सुरुवात शहरातल्या वरच्या थरात झाली. सरदार घराण्यातला कोणी शहरात येऊन व्यापारात पडला होता की शहरी माणूस पुढे सरदारीत गेला, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाला. ओटो चान्सेलर झाल्यावर त्या वादाला धार आली, कारण काहींना त्याचा पूर्वज तलवारबहाद्दरच हवा होता. मला मात्र कापडाच्या गजावर मोठं झालेलं घराणं कमी मोलाचं वाटत नाही. नोंद जे सांगते तेच वहीत लिहावं आणि ते अभिमानाने लिहावं.

पायरी ६ : जहागिरीच्या पत्रांतून वंश बांधा

१३४५ मध्ये श्टेन्डालच्या कारागीर संघांनी उठाव करून जुन्या व्यापारी घराण्यांची सत्ता मोडली. क्लाउस फॉन बिस्मार्क शहराबाहेर पडला. त्याच वर्षी ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ (सीमाप्रांताचा राज्यकर्ता) लुडविग याने त्याला आणि त्याच्या भावांना बुर्गश्टाल हा किल्ला जहागीर दिला. त्या एका पत्राने घराणं ‘श्लॉसगेझेसेन’ झालं, म्हणजे किल्ला राखून असणाऱ्या वरच्या सरदारांत गेलं. होहेनत्सोलर्न घराण्याला ब्रांडेनबुर्ग मिळालं १४१५ मध्ये. याचा अर्थ, ज्या राजांची बिस्मार्कांनी पुढे चाकरी केली, त्यांच्या सत्तर वर्षं आधीपासून ते तिथे जहागीरदार होते.

जहागिरीचं पत्र वंशावळीसाठी सोन्यासारखं आहे, ते एका कायदेशीर कारणाने. धनी मेला किंवा जहागीरदार मेला, की पत्र नव्याने घ्यावं लागे. आणि घराण्यातल्या एका शाखेचा वंश खुंटला तर जमीन सरकारजमा होऊ नये म्हणून भाऊ, पुतणे, चुलतभाऊ सगळे एकत्र नाव लावून घेत. याला ‘गेझाम्टे हांड’, सामायिक हात, म्हणत. त्यामुळे एका पत्रात तीन-चार शाखांची नावं नात्यासकट सापडतात. अशी ओळीने पाच-सहा पत्रं मिळाली की कोण कधी नाहीसा झाला आणि त्याच्या जागी कोण आला, हे समजतं. चर्चच्या वह्या नसलेल्या काळात याहून चांगलं साधन नाही.

१५६२ मध्ये बुर्गश्टाल गेलं. लेत्सलिंगचं रान शिकारीसाठी राज्यकर्त्यांना हवं होतं, म्हणून बिस्मार्कांना अदलाबदल करायला लावली आणि बदल्यात शोनहाउझेन व क्रेवेझे मिळालं. तिथून घराण्याच्या दोन मुख्य शाखा धरतात. ओटो शोनहाउझेनच्या शाखेतला. वंशावळीच्या कागदावर या दोन शाखा १५६२ पासून वेगळ्या रंगाने लिहा, नाहीतर पुढे त्याच त्या नावांच्या माणसांत तुम्ही हरवून जाल.

पायरी ७ : ढाल वाचायला शिका

बिस्मार्कांचं चिन्ह असं : निळ्या जमिनीवर सोनेरी त्रिदळ आणि त्याच्या तीन बेचक्यांत तीन रुपेरी ओकची पानं. शिरस्त्राणावर तुरा म्हणून निळी-रुपेरी दोन रानरेड्याची शिंगं.

वर्णनाचा क्रम ठरलेला आहे. आधी जमिनीचा रंग, मग मुख्य चिन्ह, मग सोबतची लहान चिन्हं, मग शिरस्त्राण, तुरा आणि शेवटी शिरस्त्राणावरून लोंबणाऱ्या झालरीचे रंग. उजवं-डावं नेहमी ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. पाहणाऱ्याला डावीकडे दिसतं ते ढालीचं उजवं. हा एक नियम विसरला की सगळं वर्णन उलटं होतं.

रंग दोन गटांत. सोनं आणि रूपं हे धातू (चित्रात पिवळा आणि पांढरा), तर लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही, कारण लांबून घोड्यावरचा माणूस ओळखू यावा. बिस्मार्कांच्या ढालीवर सोनं आणि रूपं दोन्ही आहेत, पण दोन्ही निळ्यावर टेकलेली, म्हणून नियम पाळला गेला आहे.

जुन्या छापील चित्रांत रंग नसतो. १६०५ च्या झीबमाखरमध्ये रंगांची आद्याक्षरं ढालीत लिहिलेली आहेत. त्यानंतरच्या कोरीव चित्रांत रेघा येतात : ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा रूपं, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, उभ्या-आडव्या जाळीच्या काळा, तिरप्या हिरवा. ही पद्धत सतराव्या शतकात रूढ झाली. तेव्हा चौदाव्या शतकातल्या म्हणून दाखवलेल्या दगडी ढालीवर अशा रेघा दिसल्या, तर ती ढाल नंतर कोरलेली किंवा दुरुस्त केलेली आहे हे ओळखा.

काही चिन्हं नावावरून येतात. हेन्नेबर्ग घराण्याच्या ढालीवर टेकडीवर उभी कोंबडी आहे, कारण ‘हेन्ने’ म्हणजे कोंबडी आणि ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. बिस्मार्कांच्या त्रिदळाला असा नावाचा आधार नाही, म्हणून त्याच्याभोवती दंतकथा उगवल्या. कथा वहीत लिहून ठेवायला हरकत नाही. पण ती पहिल्यांदा कधी छापली गेली ते वर्ष शेजारी लिहा. बहुतेक वेळा कथा चिन्हापेक्षा काही शतकांनी लहान निघते.

चिन्हाचं वय ठरवायचं ते मोहरेवरून. दस्ताला लोंबणारी लाखेची मोहर ही त्या माणसाने त्या दिवशी खरोखर वापरलेली खूण असते. मोहरेत रंग कळत नाही, आकार कळतो. अभिलेखागाराला लिहिताना दस्तासोबत ‘मोहरेचा फोटो, पुढून आणि मागून’ असं मुद्दाम मागा, नाहीतर फक्त मजकुराचं पान स्कॅन होऊन येतं.

पायरी ८ : चिन्ह सारखं म्हणजे रक्त एक?

बरेचदा हो, पण नेहमी नाही. जर्मन मुलुखात वेगळ्या नावांची दोन घराणी सारखंच चिन्ह वापरताना दिसली तर एक मूळ असण्याची शंका रास्त असते, कारण आडनावं किल्ल्यांवरून बदलत आणि ढाल मागे राही. पण होहेनत्सोलर्न घराण्याने या गृहीतकाला दोन्ही बाजूंनी तडा दिला आहे.

हे घराणं १०६१ पासून नोंदींत आहे, मूळ नाव त्सोलर्न. ढाल चौकटीची, रुपेरी आणि काळी. त्याच रक्तातून बाराव्या शतकात होहेनबर्गचे ग्राफ वेगळे झाले आणि त्यांची ढाल रुपेरी-लाल आडवी विभागलेली. रक्त एक असून ढाल वेगळी. न्युर्नबर्गला बुर्गग्राफ (किल्ल्याचा अधिकारी) म्हणून गेलेल्या शाखेने तर काळा सिंह आणि त्याभोवती रुपेरी-लाल किनार हे त्या पदाचं चिन्ह घेतलं.

आणि तुरा? तो त्यांनी विकत घेतला. १३१७ मध्ये बुर्गग्राफ चौथ्या फ्रीडरिशने रेगेन्सबर्गच्या ल्युटोल्डकडून शिकारी कुत्र्याच्या मस्तकाचा तुरा ३६ मार्क चांदीला खरेदी केला. रेगेन्सबर्ग हा झ्युरिकजवळचा किल्ला, बव्हेरियातल्या त्याच नावासारख्या शहराशी त्याची गल्लत करू नका. पुढे ओटिंगेनच्या ग्राफांनी तक्रार केली की कुत्र्याचं मस्तक आमचं. १३८१ मध्ये लवादाने दोघांनाही ते ठेवू दिलं, फक्त कुत्र्याच्या कानावरची खूण वेगळी करायला लावली. ओटिंगेनच्या कुत्र्याच्या लाल कानावर रुपेरी तिरपी फुली असते, त्सोलर्नच्या कानावर रुपेरी-काळी चौकट. तेव्हा दोन ढाली जुळल्या की लगेच ‘एकच कुळ’ लिहू नका. चिन्ह जुळतं, जमिनी शेजारी आहेत, दस्तांत एकमेकांचे साक्षीदार आहेत, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या तर बोला.

पायरी ९ : बढत्यांचे थर वेगळे करा

घराणं वर चढलं की ढालीभोवतीची आरास वाढते. मधली ढाल मात्र तशीच राहते. ओटोला १८६५ मध्ये ग्राफ केलं, मार्च १८७१ मध्ये फ्युर्स्ट म्हणजे राजपुत्र आणि १८९० मध्ये लाउएनबुर्गचा ड्यूक, शेवटची पदवी फक्त त्याच्यापुरती. या काळात जुन्या त्रिदळाला ढालधारक मिळाले, प्रशियाचा काळा गरुड आणि ब्रांडेनबुर्गचा लाल गरुड, आणि ‘इन त्रिनिताते रोबुर’ हे ब्रीद आलं. ‘त्रयीत बळ’ असा त्याचा अर्थ, त्रिदळाला शोभणारा. ढालीवर गरुड दिसले तर ती ओटोच्या बढतीनंतरची, आणि नुसतं त्रिदळ व शिंगं असतील तर जुनी किंवा दुसऱ्या शाखेची, असा अंदाज बांधता येतो.

दुसऱ्या शाखांनाही स्वतंत्र बढत्या मिळाल्या. व्युर्टेम्बर्गच्या राजाने सेनापती फ्रीडरिश विल्हेल्म फॉन बिस्मार्कला १८१६ मध्ये ग्राफ केलं, आणि बिस्मार्क-बोलेन शाखा १८१८ मध्ये ग्राफ झाली. ‘ग्राफ फॉन बिस्मार्क’ एवढंच वाचून तो चान्सेलरचा वंशज ठरवणं ही फार वेळा होणारी चूक आहे.

मुकुटाचे मणी मोजा : सर्वसाधारणपणे पाच टोकं म्हणजे साधा उमराव, सात म्हणजे बारोन, नऊ म्हणजे ग्राफ. दांड्यांचं उघडं शिरस्त्राण उमरावांचं, बंद शिरस्त्राण नागरी घराण्यांचं, असा संकेत उत्तरकाळात रुळला. त्याआधीच्या ढालींना तो लावू नये.

पदवी कोणाला जाते हेही बघा. बहुतेक जर्मन घराण्यांत सगळी मुलं आणि मुली पदवी व ढाल घेतात, थोरल्या-धाकट्यासाठी खूण बदलत नाही. पण बिस्मार्कांची फ्युर्स्ट पदवी फक्त थोरल्याला. १८९८ मध्ये ओटो वारल्यावर थोरला मुलगा हेर्बर्ट फ्युर्स्ट झाला, धाकटा विल्हेल्म ग्राफच राहिला.

चर्च बघायला जाल तेव्हा

शोनहाउझेनचं विटांचं चर्च १२१२ चं आहे आणि आत बिस्मार्कांची स्मारकं आहेत. घराण्याचा जुना वाडा १९५८ मध्ये सुरुंग लावून पाडला. शेजारच्या दुसऱ्या वाड्यात संग्रहालय आहे. स्मारकावर मजकुराच्या दोन्ही बाजूंना लहान ढालींच्या उभ्या रांगा दिसतील. मृत माणसाच्या उजवीकडची रांग वडिलांच्या पूर्वजांची, डावीकडची आईकडच्या, आणि प्रत्येक ढालीखाली बहुधा घराण्याचं नाव. आठ किंवा सोळा ढाली म्हणजे तितके पूर्वज. ही दगडातली वंशावळ पूर्ण फोटोत घ्या आणि मग एकेक ढाल जवळून, कारण खालची अक्षरं झिजलेली असतात. तिरपा उजेड पडतो अशी सकाळ किंवा संध्याकाळ निवडा. गावचं चर्च कुलूपबंद असू शकतं, तेव्हा आधी पाद्री-कार्यालयाला पत्र लिहून वेळ ठरवा.

आजचा कायदा आणि आजचे सापळे

११ ऑगस्ट १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या कलम १०९ ने जन्माधारित विशेषाधिकार संपवले. पदव्या नावाचा भाग म्हणून राहिल्या, म्हणून आज ‘ओटो ग्राफ फॉन बिस्मार्क’ असं, पदवी पहिल्या नावानंतर लिहितात. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘फॉन’सुद्धा कायद्याने काढून टाकलं. जर्मनीत नाव दत्तकविधानाने मिळू शकतं, त्यामुळे आज पदवीसारखं नाव असलेला माणूस त्या घराण्याच्या रक्तातला असेलच असं नाही.

कुलचिन्ह देणारं किंवा तपासणारं सरकारी कार्यालय आता जर्मनीत नाही. नागरी घराणीही चिन्ह घेऊ शकतात, तशी ती मध्ययुगापासून घेत आली आहेत. नवं चिन्ह नोंदवायचं असेल तर बर्लिनची ‘हेरोल्ड’ ही १८६९ पासूनची संस्था चिन्हांची नोंदवही चालवते. दुसऱ्याचं चिन्ह वापरलं तर नावाच्या हक्काखाली, नागरी संहितेच्या कलम १२ च्या आधाराने, दावा होऊ शकतो.

आडनाव टाका आणि कुलचिन्ह मिळवा, अशी दुकानं इंटरनेटवर पुष्कळ आहेत. चिन्ह आडनावाचं नसतं, ठरावीक वंशाचं असतं. म्युलर आडनावाची शेकडो असंबद्ध कुटुंबं आहेत आणि त्यांतल्या काहींकडेच चिन्ह आहे.

अभिलेखागाराला पहिलं पत्र लिहाल तेव्हा ‘अमुक घराण्याबद्दल सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. उत्तर येतं, पण सूचीच्या पत्त्यापलीकडे फार काही येत नाही. एक व्यक्ती, एक गाव, पंचवीस-तीस वर्षांचा काळ आणि हवा तो कागद, जहागिरीचं पत्र की मोहर, एवढं नेमकं लिहा. छापील ग्रंथांत तुम्ही काय पाहिलंत ते दोन ओळींत सांगा, शुल्काची तयारी कळवा. खासगी घराण्याचं दप्तर असेल तर वापराची आणि छापण्याची परवानगी वेगवेगळी मागा. एकीत दुसरी येत नाही.